पाइपांना पांघरूण घालणारे अण्णा

कुणाच्या घरी पहिल्यांदा गेलं की माणसं घर बघतात. अण्णा पाइप बघायचे. न्युरेम्बर्गच्या आमच्या घरात त्यांनी पहिलं पाऊल टाकलं तेव्हा संपदा त्यांना हौसेने स्वयंपाकघर, मागची बाग, वरच्या खोल्या दाखवत होती. अण्णा सगळ्याला "छान हाय, छान हाय" म्हणत होते, पण नजर रेडिएटरच्या मागून भिंतीत शिरणाऱ्या पाइपावर. शेवटी न राहवून ते वाकले आणि उजव्या हाताची मागची बाजू पाइपाला टेकवून उभे राहिले. मी विचारलं, "काय बघताय अण्णा?" म्हणाले, "ताप हाय का बगतोय." मी सांगितलं की सप्टेंबर आहे, ऑक्टोबरशिवाय हीटिंग सुरू होत नाही. "मग निजलाय म्हना," असं म्हणून त्यांनी हात काढला. मग मलाच शिकवल्यासारखं म्हणाले, "पाइपाला कायम उलटा हात लावायचा, जावईबापू. तळहात भाजला तर जेवायचं कशानं?"

अण्णा म्हणजे माझे सासरे, गणपत माने. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं लॅगिंगचं काम केलं. बॉयलरमधून निघालेली वाफ कारखानाभर फिरते. ती वाटेत थंड होऊ नये म्हणून पाइपांवर जाड आवरण चढवतात, त्याला लॅगिंग म्हणतात. अण्णा म्हणायचे, "पाइपास्नी पांघरून घालायचं काम." माणूस अंगाने काटकुळा, आवाज मात्र बॉयलरशेजारी आयुष्य काढलेल्याचा, म्हणजे खणखणीत. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग. हसायला लागले की खोकला यायचा, आणि खोकला थांबला की राहिलेलं हसू पूर्ण करायचे.

मी आणि संपदा पुण्याला इंजिनिअरिंगला एका वर्गात होतो. लग्न ठरताना माझ्या आईने विचारलं, "वडील कारखान्यात म्हणजे नक्की काय करतात?" मी म्हणालो, "इंजिनिअरिंग डिपार्टमेंटला आहेत." हे खोटं नव्हतं, कारण लॅगिंगवाले त्याच खात्यात मोडतात. खरंही नव्हतं. पुढे ही थाप मी इतक्यांदा मारली की ती गुळगुळीत झाली. न्युरेम्बर्गला आल्यावर ऑफिसातल्या मराठी मंडळींत तर अण्णा परस्पर रिटायर्ड इंजिनिअर झाले. ही बढती त्यांना मी दिली होती. संपदा एकदाच म्हणाली, "मंदार, तुला लाज वाटते का रे त्यांची?" मी म्हणालो, "छे! काहीतरीच काय?" लाज वाटणारा माणूस नेमका असंच म्हणतो.

२०१४ साली आम्ही हे घर घेतलं. शहराच्या कडेला, ओळीतलं तिसरं, साठच्या दशकात बांधलेलं, खाली तळघर. घर घेतल्याचा मला जरा जास्तच ताठा होता. घराची कागदपत्रं, तज्ज्ञाचा अहवाल, बॉयलरचा दाखला, सगळं जर्मनमधून, डिक्शनरी घेऊन, मी स्वतः वाचलं होतं, आणि हे ऐकून घेतल्याशिवाय आमच्याकडे पाहुण्याला चहा मिळत नसे. मग एक दिवस काळ्या कपड्यांतला कामिनकेहरर आला. धुराडी आणि बॉयलर तपासणारा हा सरकारमान्य माणूस. त्याने तळघरातल्या पाइपांकडे बोट दाखवलं. थंड तळघरातून जाणारे हीटिंगचे पाइप उघडे ठेवायचे नाहीत, नव्या मालकाने ते मुदतीत बांधून घ्यायचे, असा कायदा आहे. आमचे अर्धे पाइप पूर्ण उघडे होते. उरलेल्या अर्ध्यांवर प्लॅस्टरसारखं मळकं पांढरं काहीतरी थापलेलं होतं आणि ते कोपऱ्याकोपऱ्यावर फुटून लोंबत होतं. मी ठरवलं, जुनं खरवडून टाकायचं आणि दुकानात मिळतात त्या फोमच्या करड्या नळ्या चढवायच्या. एका शनिवारचं काम. मेकॅनिकल इंजिनिअरला त्यासाठी माणूस कशाला लागतो? नळ्या आणल्या, खरवडणी आणली, छोटा हातोडा आणला. तेवढ्यात अण्णा तीन महिन्यांसाठी आले.

अण्णांचा एक नेम होता. लेकीच्या घरी बसून खायचं नाही. संपदाची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, गावी ते एकटेच असायचे, म्हणून आराम करायला आणलं होतं, पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी बागेच्या फाटकाची कुरकुर थांबवली, नातीच्या सायकलची चेन बसवली आणि शेजारच्या आजींच्या छत्रीची काडी सरळ करून दिली. रेवा तेव्हा सहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये यायचं. अण्णांना जर्मनचा गंध नव्हता. तरी दोघांच्या गप्पा तासन् तास चालत. "काय म्हणते अण्णा तुमची नात?" विचारलं तर म्हणायचे, "शब्द कळत न्हाईत, पन बोलती बराबर."

मग एका सकाळी म्हणाले, "जावईबापू, तळघर दावा की." मी त्यांना खाली नेलं. दिवा लावला. अण्णा पहिल्या उघड्या पाइपापाशी खूश झाले, त्याच्या सांध्यावरून बोट फिरवून जर्मन वेल्डरचं कौतुक केलं. पुढच्या कोपऱ्यावर जिथे पांढरं आवरण फुटलं होतं तिथे ते थांबले. माझ्याकडून टॉर्च घेतला, फुटलेल्या कडेवर धरला, आणि एकदम दोन पावलं मागे आले. गळ्यातला मफलर वर ओढून नाकातोंडावर घेतला. दुसऱ्या हाताने त्यांनी माझी बाही धरली. लग्नाला आठ वर्षं झाली होती, अण्णांनी मला कधी हात लावला नव्हता. जावयाशी अंतर राखूनच ते बोलत. बाही धरून त्यांनी मला जवळजवळ ओढतच जिन्याकडे आणलं.

"ह्येला हात लावू नगा," ते म्हणाले. "ह्ये त्येच हाय. अ‍ॅस्बेस्टॉसची माती. हिची धूळ मानसाला सोडत न्हाई. म्या ही कडा झोपेत बी वळखीन."

मी हसलो. आठवलं की आजही कानशिलं तापतात. म्हणालो, "अण्णा, असलं काही इथे नसतं. बंदी आहे. आणि घराचा अहवाल आहे माझ्याकडे, त्यात असं काही लिहिलेलं नाही."

"अहवाल लिवनारा खाली आला हुता का?"

मी म्हणालो, "आलाच असेल." खरं तर मला माहीत नव्हतं. बंदी यायच्या कितीतरी आधी हे घर बांधलेलं आहे, हे कळायला इंजिनिअर असण्याचीही गरज नव्हती, चौथीतलं गणित पुरलं असतं. पण अण्णांना कळावं आणि मला कळू नये, हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं. म्हणून मी विचारच केला नाही.  त्या पाइपाखाली ठेवलेली रेवाची सायकल आणि बर्फातली घसरगाडी अण्णांनी वर आणली आणि ओल्या फडक्याने दोनदा पुसून काढली.

त्याच आठवड्यात ऑफिसातला पराग आणि त्याची बायको जेवायला आले. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून टेबलाशी बसले होते. पराग मनमोकळा माणूस. पहिल्या घासालाच म्हणाला, "काका, मंदार सांगत होता तुम्ही शुगर फॅक्टरीत इंजिनिअर होता. मिल साइडला की बॉयलरला?"

माझा घास हातातच राहिला. अण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात त्यांना आठ वर्षांचं सगळं कळलं असावं. मग परागकडे वळून शांतपणे म्हणाले, "बॉयलरला." आणि आमटीची वाटी पुढे ओढली.

इतकं सांभाळून घेतल्यावर तरी मी गप्प बसायला हवं होतं. पण परागने घराची चौकशी केली, मी शनिवारच्या कामाचं रसभरीत वर्णन सुरू केलं, खरवडणी कशी खास आहे वगैरे, आणि अण्णांना वाटलं, हा शिकलेला माणूस आहे, ह्याचं तरी जावई ऐकेल. "सायब, तुमी तरी सांगा ह्यास्नी," ते म्हणाले. "त्या मातीला कोरडा हात लावायचा नसतोय. आमी लावलाय. घमेल्यात पानी घालून भाकरीच्या पिठागत मळायचो. कोपरापातुर हात पांढरं. दुपारी त्येच झटकायचं आन जेवाय बसायचं. थट्टेत एकमेकाच्या तोंडाला बी लावलंय. नऊ जनांची टोळी हुती आमची. आता मला धरून दोगं हाय."

 परागची बायको भाताकडे बघत राहिली. ते नऊ आणि दोन ऐकून कुणीही माणूस हादरला असता. माझ्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. घमेल्यात माती मळणारा इंजिनिअर कसा असेल, हे पराग मनात जुळवत असणार, आणि आपलं बिंग फुटलं. त्या तिरीमिरीत मी म्हणालो, "अण्णा, हे जर्मनी आहे. तुमचा कारखाना नाही. इथे प्रत्येक गोष्टीचा कागद असतो."

अण्णा म्हणाले, "बराबर हाय. तुमी शिकल्याली मानसं." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. पराग गेल्यावर भांडी लावताना संपदा म्हणाली, "एक सॅम्पल टेस्टला पाठवायला काय होतं? एक पाकीट तर पाठवायचं आहे." मी म्हणालो, "बघू." ती पुन्हा विषय काढणारच होती, पण आठवडाभर तिचं ऑफिसात मोठं काम चालू होतं आणि शनिवार तर अजून लांब होता, असं तिला वाटलं.

गुरुवारी मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा घराला डेटॉलसारखा वास येत होता. अण्णा बागेत खुर्ची टाकून बसले होते, आंघोळ केलेले, केस ओले, आणि अंगात माझाच एक जुना टी-शर्ट. संपदाही नुकतीच आली होती. ती तळघराच्या दारात उभी होती.

खाली सगळं संपलं होतं. पाइप उघडे, पुसून लख्ख, नव्यासारखे. जमीन धुतलेली. कोपऱ्यात कचऱ्याच्या जाड पिशव्यांची नीट रांग, एकात एक दोन-दोन घातलेल्या, तोंडं पिळून, दुमडून, तारेने आवळलेली. झाडांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली आणि भांडी घासायचं लिक्विड जिन्याच्या पायरीवर. दाराच्या फटीत ओली फडकी अजून तशीच कोंबलेली होती. कारखान्यात शेवटच्या वर्षांत बाहेरून कुणी एक तपासनीस आला होता, त्याने शिकवलं होतं म्हणे, साबणाच्या पाण्याने भिजवल्याशिवाय काढायचं नाही. आम्ही ऑफिसला आणि रेवा शाळेला गेल्यावर अण्णांनी तोंडाला दोन ओले रुमाल बांधून दिवसभर ते काम केलं होतं. त्यात वापरलेले कपडेही त्यांनी एका पिशवीत बांधून टाकले होते, संपदाने विणलेल्या मफलरसकट.

मला राग आला. लिहितानाही पेन अडखळतं, पण राग आला हे खरं. मी बागेत जाऊन म्हणालो, "अण्णा, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे करायला? मी शनिवारी करणारच होतो ना?"

"म्हनूनच केलं," अण्णा म्हणाले. "शनवारी तुमी करनार हुता. जावयाला न्हाई म्हनायची आमच्याकडं रीत न्हाई, आन जावयाच्या हातानं ते करू द्यायचं मला जमनार न्हवतं."

"आणि तुम्हाला काही झालं म्हणजे?"

"माझ्यात हाय की आधीच," ते सहज म्हणाले. "तुमच्यात कशाला?"

मला वाटलं, वयाबद्दल बोलतायत. मी विचारलंही नाही. मग त्यांनी खुर्चीखालून जॅमची एक बाटली काढली. झाकण चिकटपट्टीने बंद, वरून प्लॅस्टिकची पिशवी, आत त्या आवरणाचा सुपारीएवढा तुकडा. "ह्यो तपासून घ्या. तुमास्नी कागद लागतोय न्हवं," म्हणाले. यातही टोमणा नव्हता. माझ्या सांगण्याला आधार लागतो, हे त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केलं होतं.

आठवड्याने प्रयोगशाळेचं पत्र आलं. मी ते ऑफिसात उघडलं आणि दोनदा वाचलं. यावेळी डिक्शनरी लागली नाही. अ‍ॅस्बेस्टॉसच होतं. संध्याकाळी मी पत्र संपदाच्या हातात दिलं. तिने वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "घे, आता मिळाला कागद." नंतर तिने अण्णांना मराठीत समजावून सांगितलं. अण्णांना समाधान वाटलं. "बरं झालं. आता त्या पिशव्या कुटं बी टाकू नगा, ज्येंचं काम हाय त्येंच्याकडं द्या," एवढंच म्हणाले.

शनिवारी मी, संपदा आणि अण्णा पिशव्या गाडीत घालून गेलो. घातक कचरा घेणारं केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. दारावर दाढीवाला, केशरी जाकिटातला माणूस होता. त्याने पत्र वाचलं, मग डिकीतल्या पिशव्यांपाशी वाकला. एका पिशवीची गाठ त्याने बोटाने तपासली, दुसरी तपासली, आणि सरळ होऊन म्हणाला, "हे बांधणाऱ्याला काम येतं. आमच्याकडे लोक चिकटपट्टी मारून आणतात आणि इथे पोचेपर्यंत सगळं फुटतं. कुणी काढलं हे?"

अण्णा माझ्यापासून तीन पावलांवर उभे होते. त्या माणसाने गाठीला हात लावला तसा त्यांचा चेहरा खुलला होता. काय म्हणतोय ते कळत नव्हतं, पण काम कुणाला आवडलं तर कारागिराला कळतंच. त्यांच्याकडे नुसतं बोट दाखवायचं होतं. "माझ्या सासऱ्यांनी," एवढे दोन शब्द जर्मनमध्ये मला नक्की येत होते.

मी म्हणालो, "आइन आर्बाइटर." एक कामगार.

नंतर मी स्वतःची समजूत घातली की कायद्याची भीती होती. घरच्या माणसाने असं काढलं म्हटल्यावर त्याने चार प्रश्न विचारले असते. हे साफ खोटं. त्या क्षणी माझ्या मनात कायदा नव्हता. माझ्या मनात पराग होता, माझी आई होती, ती गुळगुळीत थाप होती. तो माणूस म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर, दिसतंच आहे. चांगला माणूस मिळाला तुम्हाला." आणि पिशव्या उचलायला लागला. अण्णा पुढे होऊन त्याला मदत करू लागले. त्यांनी मला विचारलं, "काय म्हनला?" मी सांगितलं, "काम चांगलंय म्हणतोय." अण्णा हसले, खोकले आणि राहिलेलं हसले.

संपदाला जर्मन माझ्यापेक्षा चांगलं येतं. परतीच्या वाटेवर ती अण्णांबरोबर मागे बसली.

माफी मागण्याऐवजी मी रॉकवूल आणलं. त्या फोमच्या नळ्या अण्णांना पहिल्यापासून आवडल्या नव्हत्या ("ही का पांघरुनं? ह्ये तर पायमोजं"). म्हणून त्यांना हवी तशी दगडी लोकरीची, वरून चंदेरी कागद लावलेली कवचं मागवली, चांगले मास्क मागवले आणि दोन दिवसांची रजा टाकली. ते दोन दिवस मला आयुष्यातल्या कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा जास्त आठवतात. अण्णा मिस्त्री, मी हाताखाली. त्यांनी हात मागे केला की मी सुरी द्यायची, पुढे केला की चिकटवायची पट्टी. सरळ पाइप ते भराभर बांधत, एकदाही मोजपट्टी न लावता. पण कोपरा आला की स्टुलावर बसत, लोकरीच्या पाचरी कापत, लावून बघत, पुन्हा एक केसभर कापत. एका कोपऱ्याला पाऊण तास गेला. मी म्हणालो, "अण्णा, इथे कोण बघणार आहे?" ते म्हणाले, "सरळ पाइप कोन बी बांधील, जावईबापू. वाफ कोपऱ्यावर पळती. आन कुनी बगावं म्हनून बांदत न्हाईत. आत ऊब राहावी म्हनून बांदत्यात."

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटच्या कोपऱ्याची पट्टी त्यांनी माझ्याकडून लावून घेतली. मी लावली ती तिरकी गेली. त्यांनी ती काढली नाही, म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. मालकाचा बी हात लागाय पायजे." तळघरात आम्ही दोघंच होतो. संपदा ऑफिसात, रेवा शाळेत. पराग नव्हता, आई नव्हती, केशरी जाकीट नव्हतं. बोलायला याहून चांगली जागा मिळणार नव्हती. मी तोंडही उघडलं. म्हणालो, "अण्णा, त्या दिवशी मी..." अण्णांनी हात पुढे केला. पट्टी हवी होती, की पुरे म्हणायचं होतं, मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी पट्टी दिली. तेवढंच मला जमणारं होतं.

नोव्हेंबरात अण्णा परत गेले. विमानतळावर त्यांनी संपदाला जवळ घेतलं, रेवाच्या गालाला हात लावला, आणि मला, रीतीप्रमाणे, लांबूनच नमस्कार केला. मी वाकून पाया पडलो तर दोन पावलं मागे सरले. "आवं, जावई का कुटं पाया पडत्यात?" म्हणाले. आणि आत गेले. त्या हिवाळ्यात आमचं तळघर थंड राहिलं आणि वरच्या खोल्या उबदार, म्हणजे जसं असायला हवं तसं. मी बॉयलर जरा कमी केला तरी चालायला लागलं. फोनवर अण्णांना हे सांगितलं तर त्यांनी तीनदा विचारलं, "सगळ्यात लांबच्या खोलीत बी?"

पुढच्या वर्षी जूनमध्ये ते गेले. फुप्फुसं निकामी झाली होती. संपदा आधी पोचली होती, शेवटचे चार दिवस तिला मिळाले. मी तेराव्याला पोचलो. तिने कपाटातली एक फाइल माझ्यासमोर ठेवली. त्यात मिरजेच्या डॉक्टरांचे कागद होते, एक्स-रे होते, निदान होतं (फुप्फुसांत बसलेली अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ), आणि सगळ्यांवरची तारीख न्युरेम्बर्गला येण्याच्या पाच महिने आधीची. लेकीला सांगितलं तर ती एवढ्या लांब येऊ देणार नाही, म्हणून त्यांनी सांगितलंच नव्हतं. "माझ्यात हाय की आधीच" याचा अर्थ मला तिथे, त्या फाइलवर कळला. मी डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, हे एकतीस वर्षांचं दुखणं, तुमच्या तळघरातल्या एका दिवसाने काही फरक पडलेला नाही. त्यांनी मला धीर देण्यासाठी सांगितलं आणि ते खरंही असणार. पण माझा प्रश्न तो नव्हताच. आपल्या छातीत काय आहे हे पक्कं ठाऊक असलेला माणूस तोंडाला ओले रुमाल बांधून त्या तळघरात उतरला, कारण वर त्याचं ऐकणारं कुणी नव्हतं. त्याचं औषध कुठल्याच डॉक्टरकडे नाही.

दुपारी जेवणं उरकल्यावर ओसरीवर कारखान्यातले पाच-सहा जण बसले होते. फिटर, बॉयलरवाले, एक क्रेनवाला, सगळे निवृत्त. मी गेल्यावर सगळे सरकून बसले आणि जावयाला मधली जागा दिली. त्यांच्यातला थोराड फिटर म्हणाला, "गनपा तुमचं लई कवतिक सांगायचा. पारावर बसला की तुमचाच विषय. म्हनायचा, जावई एवढा मोठा इंजिनेर, जर्मनीत सोताचं घर. तळघरात ती माती निघाली. म्या नुसतं म्हनलं, हात लावू नगा, तर पोरानं हातातलं हत्यार तितंच खाली ठिवलं. म्हनला, अण्णा, ह्यातलं तुमाला कळतंय, तुमी सांगाल तसं."

बाकीचे माना डोलवत होते. ही गोष्ट त्यांनी कितीतरी वेळा ऐकलेली दिसत होती. क्रेनवाला म्हणाला, "आमी जल्मभर बोंबललो, ही माती नगं, मास्क द्या. एका सायबानं ऐकलं न्हाई. गनपा म्हनायचा, माजं एकानं ऐकलं बगा."

फिटर माझ्याकडे वळला. आतून संपदा चहाचे कप घेऊन आली होती आणि उंबऱ्यातच थांबली होती. फिटरने विचारलं, "खरं न्हवं, जावईबापू?"

अण्णांनी माझी लाज झाकायला ही गोष्ट रचली असेल. किंवा आयुष्यात एकदा तरी आपलं कुणी ऐकलं, असं त्यांना म्हणायचं असेल. मी नाही म्हटलं असतं तर त्या म्हाताऱ्यांच्या हातातून त्यांचा तो एकुलता एक ऐकणारा साहेब गेला असता, असं मी तेव्हा मनाला सांगितलं. पण समजुती घालण्यात मी किती पटाईत आहे ते एव्हाना कळलंच असेल. खरं कारण सोपं आहे. ते सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते, आणि मला ते हवं होतं.

मी "हो" म्हणालो. संपदाने सगळ्यांना चहा दिला. मलाही दिला, आणि मी तो घेतला.